सुचतं ते कुठून? चित्रं, छायाचित्रं, डिझाइन आणि यंत्रं यांच्यातली उसनवारी

होकुसाईची लाट तुम्ही पाहिलेली असणार. चित्रकाराचं नाव माहीत नसलं तरी चित्र ओळखीचं असतं. नखं पसरल्यासारखा फेस असलेली, कोसळायच्या बेतात आलेली निळी लाट, तिच्या तावडीत सापडलेल्या होड्या आणि पार मागे इवलासा फुजी पर्वत. साधारण १८३१ मध्ये लाकडी ठशांवरून छापलेलं हे चित्र आज जपानी कलेची ओळख म्हणून जगभर मिरवतं. त्यातल्या दोन सर्वांत ठळक गोष्टी मात्र जपानबाहेरच्या आहेत. तो गर्द निळा रंग बर्लिनमध्ये जन्मलेला. आणि जवळची लाट डोंगराएवढी, दूरचा डोंगर मुठीएवढा, क्षितिज खाली, ही मांडणी होकुसाईनं युरोपातल्या चित्रांवरून उचललेली. तेव्हा तो सत्तरीला पोचला होता.

रंगाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १७०६ च्या आसपास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा एक रंग बनवणारा कारागीर लाल रंगाच्या खटपटीत होता. त्यासाठी आणलेला पोटॅश भेसळीचा निघाला, प्राण्यांच्या अवशेषांतून आलेले पदार्थ त्यात मिसळलेले होते. लाल व्हायच्या ऐवजी भांड्यात निळा तयार झाला. तोवर युरोपातल्या चित्रकाराला उत्तम निळा हवा असेल तर अफगाणिस्तानातल्या खाणींतला लाजवर्द दगड कुटावा लागे, आणि तो अतिशय महाग पडे. हा नवा प्रशियन ब्लू त्यामानानं स्वस्त होता. व्यापारी जहाजांतून तो पुढे जपानला पोचला. तिथल्या छपाईत निळ्यासाठी तोपर्यंत वनस्पतींचे रंग वापरत. त्यातला एक तर फुलांपासून काढलेला, उजेडात हळूहळू विटून जाणारा. समुद्राची खोली आणि आकाशाच्या गडद-फिक्या छटा कागदावर आणायच्या, तर बर्लिनचा निळा हाच त्या कामाचा रंग होता. होकुसाईनं तो मनसोक्त वापरला.

१८५० च्या दशकात जपानची बंदरं पाश्चात्त्य व्यापाराला खुली झाली आणि अशी छापील चित्रं युरोपात पोचू लागली. व्हॅन गॉगनं ती शेकड्यांनी जमवली. १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराची चित्रं समोर ठेवून त्यानं ती तैलरंगात उतरवलीसुद्धा. युरोपातून गेलेलं काहीतरी जपानी होऊन परत आलं आणि पुन्हा युरोपीय झालं.

तोच निळा दुसऱ्या वाटेनंही गेला. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं १८४२ मध्ये लोहाच्या क्षारांचं द्रावण कागदाला लावून पाहिलं. कागद उन्हात धरला की जिथे उजेड पडतो तिथे प्रशियन ब्लू तयार होतो आणि उरलेलं द्रावण साध्या पाण्यानं धुऊन निघतं. हा सायनोटाइप. ॲना ॲटकिन्स ही वनस्पतिशास्त्राची अभ्यासक. समुद्री शेवाळाचे बारीक तंतू हातानं हुबेहूब रेखाटणं किती कठीण आहे हे ती अनुभवत होती. तिनं शेवाळच त्या कागदावर ठेवलं, उन्हात धरलं आणि कागद धुतला. गडद निळ्यावर पांढरी, केसासारखी नाजूक आकृती उमटली. १८४३ पासून तिनं भागाभागानं काढलेलं शेवाळांचं पुस्तक हे छायाचित्रं वापरलेलं जगातलं पहिलं पुस्तक मानलं जातं. कॅमेरा त्यात कुठेच नाही. पुढे इंजिनिअर आणि वास्तुरचनाकार आपल्या आराखड्यांच्या प्रती याच पद्धतीनं काढू लागले. त्याच त्या ब्लूप्रिंट.

एकाच रंगाच्या या प्रवासात कला, छायाचित्रण, डिझाइन आणि तंत्रज्ञान चारही येतात, म्हणून तो एवढा सविस्तर सांगितला. प्रत्येक वळणावर काय झालं ते बघा. ॲटकिन्सला कोणी 'प्रेरणा घे' म्हणून सांगितलं नव्हतं. तिच्यापुढे एक अडचण होती, अगदी नेमकी. शेवाळ काढता येत नाही. दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कुतूहलातून केलेल्या प्रयोगात तिला त्या अडचणीचं उत्तर दिसलं. प्रेरणा ही बहुतेक वेळा अशी उसनवारी असते, आणि शेजारी उसनं मागायला जाणाऱ्याला आपल्या घरात काय संपलंय हे आधी ठाऊक असावं लागतं. 'काहीतरी सुचू दे' म्हणून तासन्‌तास चित्रं चाळणाऱ्याला काही मिळत नाही याचं कारण माझ्या मते हेच आहे. चित्रं वाईट नसतात, बघणाऱ्याजवळ प्रश्न नसतो.

रूप सोडा, रचना घ्या

उसनं आणायचं म्हणजे नेमकं काय आणायचं? इथे बहुतेकांची गल्लत होते. जे डोळ्यांना दिसतं ते उचललं तर नक्कल होते. ते कशामुळे चालतं हे उचललं तर नवं काही हाती लागतं.

जपानची बुलेट ट्रेन हे याचं फार चांगलं उदाहरण. गाडी ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगानं बोगद्यात शिरायची तेव्हा पुढची हवा दाबली जायची, तो दाब बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी मोठा स्फोट झाल्यासारखा बाहेर पडायचा, आणि आसपास राहणारे लोक वैतागायचे. एइजी नाकात्सु हे या गाडीवर काम करणारे इंजिनिअर, आणि पक्षिनिरीक्षणाचा त्यांना छंद. त्यांनी प्रश्न असा मांडला: कमी अवरोधाच्या जागेतून जास्त अवरोधाच्या जागेत एकदम शिरावं लागतं, असा निसर्गात कोण आहे? खंड्या. तो हवेतून सूर मारून पाण्यात शिरतो आणि पाणी फारसं उडतही नाही. त्याच्या चोचीचा आडवा छेद टोकापासून मागे हळूहळू वाढत जातो, त्यामुळे समोरचं पाणी ढकललं न जाता बाजूनं मागे सरकतं. वेगवेगळ्या आकारांच्या चाचण्या घेतल्यावर खंड्याच्या चोचीशी मिळताजुळता आकार सरस ठरला, आणि १९९७ मध्ये सुमारे पंधरा मीटर लांब निमुळतं नाक असलेली ५०० मालिकेची गाडी धावू लागली. छतावरचा, विजेच्या तारेला टेकणारा भाग आवाज करत होता, त्यावरचा उपाय घुबडाच्या पिसांच्या दातेरी कडांवरून सुचला.

नाकात्सुंनी गाडीला पंख लावले नाहीत, निळा-केशरी रंगही दिला नाही. पक्ष्याचं रूप त्यांनी तिथेच सोडलं. पक्षी आणि पाणी यांच्यात जो संबंध आहे, तोच गाडी आणि बोगदा यांच्यात आहे, एवढंच त्यांनी पाहिलं. सगळी कल्पकता या 'एवढंच'मध्ये आहे.

असाच संबंध हॅरी बेकच्या कामात दिसतो. तो लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी विजेच्या जोडण्यांची रेखाटनं करायचा. अशा रेखाटनात तार प्रत्यक्षात किती लांब आहे याला महत्त्व नसतं, कोण कुणाला जोडलंय हे महत्त्वाचं. जमिनीखालून जाणाऱ्या प्रवाशाचंही तसंच असतं. वर कुठला रस्ता कसा वळतो याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, गाडी कुठे बदलायची एवढं कळलं की झालं. बेकनं आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांच्या रेषा एवढंच ठेवलं, स्थानकं साधारण सारख्या अंतरावर मांडली, आणि भूगोलातली थेम्स नदी तेवढी राहू दिली. आधी नकाशा फारच धाडसी म्हणून नाकारला गेला. १९३३ मध्ये तो छापून लोकांच्या हातात पडला आणि लोकांनी तो लगेच उचलून धरला. आज जगातल्या बहुतेक मेट्रोंचे नकाशे याच पद्धतीचे असतात.

विणकामापासून संगणकापर्यंतची वाटही अशीच आहे. फ्रान्समधल्या जॅकार्डच्या मागावर, १८०४ च्या सुमारास, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असायची. भोक असेल तिथे धागा उचलला जाई, नसेल तिथे खाली राही, आणि रेशमावर फुलंपानं उमटत. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्राला सूचना देण्यासाठी हीच कार्डं घ्यायचं ठरवलं. त्याच्याजवळ स्वतः जॅकार्डचं एक रेशमात विणलेलं चित्र होतं, सुमारे चोवीस हजार कार्डं लावून विणलेलं. पाहणाऱ्याला ते कोरीवकामाची छपाई वाटे. बॅबेजला त्यात सूचनांची एक लांबलचक मालिका दिसत होती. गणितज्ञ एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या आकृत्या विणेल, असं तिनं लिहिलं, आणि सुरांमधले संबंध त्याला समजतील असे मांडता आले तर ते संगीतही रचू शकेल, इथवर ती गेली.

कॅमेऱ्यानं दाखवलेलं

छायाचित्रणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे उसनं मिळतं ते न दिसणारं दिसण्याच्या रूपात. चौखूर उधळलेला घोडा रंगवायचा तर पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेले, असं कित्येक पिढ्या चाललं होतं. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरं ठरलं, पण ते सुटतात तेव्हा पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकार देगानं त्यानंतर मायब्रिजचे फोटो बघून घोड्यांचा अभ्यास केला. फ्रान्समध्ये मारे हा शरीरशास्त्रज्ञ एकाच काचेवर हालचालीचे अनेक टप्पे टिपत होता, आणि १९१२ मध्ये मार्सेल द्युशाँनं जिना उतरणारी आकृती रंगवली तेव्हा तिच्यात असेच एकावर एक सरकलेले टप्पे आले. मारेला कला करायची नव्हती, प्राणी हलतात कसे हे त्याला मोजायचं होतं.

छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनच्या ढोबळी मिरचीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. १९३० च्या उन्हाळ्यात तो मिरच्यांचे फोटो काढत होता. एकामागून एक, वेगवेगळ्या पार्श्वभूमींसमोर. मनासारखं जमत नव्हतं. मग त्यानं एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या वक्र पत्र्यावरून उजेड परतून मिरचीच्या खोबणींमध्ये शिरला. एरवी काळ्या पडणाऱ्या जागी मंद चकाकी आली आणि मागची रेघही नाहीशी झाली, कारण नरसाळ्याला कोपरा नसतो. त्या फोटोचं नाव 'पेपर नंबर ३०', पेपर म्हणजे इंग्रजीत मिरची. पाहताना ती मिरची आहे हे क्षणभर विसरायला होतं, एकमेकांना बिलगलेली शरीरं वाटतात. नरसाळं स्वयंपाकघरातलं, विषय स्वयंपाकघरातला. तरीही हा फोटो दुसऱ्या-तिसऱ्या मिरचीला मिळाला नसता. अनेक फसलेल्या प्रयत्नांनी वेस्टनला नेमका प्रश्न शिकवला होता: उजेड चहूबाजूंनी कसा आणायचा?

डोक्यात काय चालतं

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकानं १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उमगणं आणि पडताळणं. शंभर वर्षांनीही ही मांडणी कामाला येते. मधल्या उमगण्याच्या क्षणाबद्दल आता थोडं अधिक माहीत आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना शब्दकोडी सोडवायला देऊन त्यांच्या मेंदूतल्या लहरी नोंदवल्या. उत्तर पायरीपायरीनं न येता एकदम सुचलं, अशा वेळी उजव्या कानाच्या वरच्या बाजूला मेंदूत वेगवान लहरींची उसळी दिसली, आणि तिच्या किंचित आधी मेंदूच्या मागच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागात संथ लहरी वाढलेल्या होत्या. जणू बाहेरचं बघणं क्षणभर मंद करून मेंदू आतलं ऐकत होता. विचार करताना आपण छताकडे किंवा खिडकीबाहेर बघतो, त्याचं नातं बहुधा याच्याशी असावं.

चालण्याचाही उपयोग होतो. स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की चालताना लोकांना वस्तूंचे नवे नवे उपयोग सरासरी साठ टक्के जास्त सुचले. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही हा लाभ झाला, म्हणजे श्रेय बाहेरच्या देखाव्याचं नव्हतं. पण एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यांत चालण्यानं काही फायदा दिसला नाही. पर्याय हवे असतील तेव्हा चाला, निवड करायला मात्र बसलेलं बरं. आणि चालण्याआधी तयारीचा टप्पा हवाच. मुरायला काही घातलंच नसेल तर मुरणार काय?

नमुना डोळ्यांपुढून हलत नाही तेव्हा

आता यातली खरी अडचण. आपण सगळेच काम सुरू करण्यापूर्वी 'जरा इतरांनी काय केलंय ते बघू' म्हणून संदर्भचित्रं उघडतो. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिक इंजिनिअरांना काही वस्तूंचं डिझाइन करायला दिलं. काहींना आधी एक नमुना दाखवला, काहींना नाही. नमुना पाहिलेल्यांच्या डिझाइनमध्ये नमुन्यातले दोषसुद्धा उतरले. सांडणार नाही असा कॉफीचा कप करायचा होता, नमुन्यात नळी आणि तोंडाला लावायचा भाग होता, आणि हे दोन्ही वापरू नका असं स्पष्ट बजावलेलं होतं. तरी अनेकांच्या रेखाटनांत ते आलेच. कौशल्य कमी होतं म्हणून हे झालं नाही. डोळ्यांनी घेतलेलं रूप हाताला इतकं चिकटतं.

चित्रं तयार करून देणारी, मजकूर लिहून देणारी यंत्रं आल्यापासून ही अडचण वाढली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना छोट्या कथा लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेनं सुचवलेल्या कल्पना मिळाल्या. वाचकांना त्यांच्या कथा एकेकट्या वाचताना जास्त कल्पक वाटल्या. सगळ्या कथा एकत्र ठेवल्या तेव्हा मात्र त्या एकमेकींसारख्या निघाल्या. प्रत्येकाचं वैयक्तिक भलं झालं, पण एकूण वैविध्य आटलं. मी ही साधनं वापरू नका असं म्हणणार नाही. क्रम तेवढा सांभाळा. आधी स्वतःची चार-पाच रेखाटनं, कितीही कच्ची असोत, कागदावर येऊ द्या. मग इतरांचं बघा, मग यंत्राला विचारा. उलट्या क्रमानं गेलात तर पहिलं दिसलेलं चित्र शेवटपर्यंत मानगुटीवर बसतं.

आणि बघायचंच तर लांबचं बघा. पोस्टर करायचं असेल तर पोस्टरं बघू नका. विणकामाचे नमुने, नकाशे, पक्ष्यांची पिसं, जुनी यंत्रं बघा. क्षेत्र जितकं दूर, तितकं तिथलं रूप तुमच्या कामाला चिकटायची भीती कमी. दुरून उचलायला रचनाच तेवढी उरते.

डिझाइनर सुझन केअरनं १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी चिन्हं केली तेव्हा हेच झालं. तिच्याजवळ होते बत्तीस गुणिले बत्तीस चौकोन, म्हणजे एकूण १०२४, आणि रंग फक्त काळा-पांढरा. संगणकाची चित्रं काढायचा अनुभव नव्हता, पण मोझेइक आणि भरतकाम माहीत होतं, आणि तिथेही चौकोन भरूनच चित्र होतं. ती चौकटींच्या वहीत एकेक घर काळं करत बसली. कीबोर्डच्या कमांड बटणावरचं, चार कोपऱ्यांना वळसे असलेलं चिन्ह तिला चिन्हांच्या एका कोशात सापडलं. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर असतं. जागा आखून दिली की शोधही नेमका होतो. मोकळं मैदान दिलेल्या माणसाला अनेकदा काहीच सुचत नाही, आणि यात नवल काही नाही.

उसनवारीला कायद्याचीही एक मर्यादा आहे, आणि ती बऱ्यापैकी समजण्यासारखी आहे. कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीला असतो. कुत्र्याची पिल्लं घेऊन बसलेलं जोडपं ही कल्पना कुणाचीच मालमत्ता नाही. पण जेफ कून्सनं अशा एका छायाचित्राचं कार्ड घेऊन त्यातली बैठक, हात, पिल्लांची रांग सगळं तसंच शिल्पात उतरवलं, तेव्हा १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं छायाचित्रकाराच्या बाजूनं निकाल दिला. मूळ काम आणि तुमचं काम शेजारी ठेवा. तुम्ही काय घेतलं हे एका वाक्यात सांगताना 'कसं दिसतं' याचं वर्णन करावं लागत असेल तर सावध व्हा. 'कसं चालतं' हे सांगता येत असेल तर बहुधा तुम्ही बऱ्या जागी आहात.

सुचल्यानंतरचं काम लोक फार कमी सांगतात. स्वित्झर्लंडचा जॉर्ज द मेस्त्राल १९४१ मध्ये फिरून परतला तेव्हा त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळं चिकटलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला त्यांच्या टोकांवरचे बारीक आकडे दिसले. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण त्यावरून सुचलेल्या वेल्क्रोचं, म्हणजे बूट-पिशव्यांवरच्या चिकटणाऱ्या पट्टीचं, पेटंट मिळायला १९५५ साल उजाडलं. सुती धाग्याचे आकडे टिकेनात. नायलॉन घेतलं, त्याला उष्णता देऊन विणलं की आकडे कडक होतात हे सापडलं. मग धाग्याचे फासे नेमके कापून त्यांचे आकडे करायचे कसे यात आणखी काळ गेला. ते फळ त्यानं एकदा पाहिलं, धागे मात्र वर्षानुवर्षं.

तेव्हा संदर्भ साठवताना नुसती चित्रं साठवू नका. फोनमधल्या चित्रांच्या ढिगाऱ्यातून पुढे काही हाती लागत नाही, कारण ते का ठेवलं हेच आठवत नाही. प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहा, आणि त्या ओळीत 'सुंदर' हा शब्द येऊ देऊ नका. वेस्टनच्या मिरचीखाली 'सुंदर छाया' लिहिलंत तर काही उरणार नाही. 'वक्र पत्र्यावरून परतलेला उजेड खोबणीत शिरतो, कोपरा नसल्यामुळे मागची रेघ नाही' असं लिहिलंत, तर ती ओळ उद्या दागिन्याचा फोटो काढताना, दिव्याची शेड करताना किंवा संगणकावर त्रिमितीय वस्तू उजळवताना जशीच्या तशी वापरता येईल.